तेजोमेघातला हिरवा रंग

डिसेंबरात खरडच्या गच्चीवरून पाहणाऱ्याला मृग नक्षत्र चंडीगडच्या उजेडातून वर येताना दिसते. पंजाबच्या मोहाली जिल्ह्यातले हे शहर चंडीगडच्या पश्चिमेला आहे. मधल्या शेतांची जागा आता इमारतींनी घेतली आहे आणि महामार्गावरचे दिवे रात्रभर जळत असतात. पूर्वेचे आकाश त्यामुळे पुरते काळे कधी होतच नाही. त्या राखाडी उजेडातून आधी रोहिणी वर येते, मग मृगाच्या पोटात रुतलेल्या बाणाचे तीन तारे आणि रात्र चढल्यावर व्याध. बाणाच्या जरा दक्षिणेला, साध्या बायनॉक्युलरमधूनही सहज सापडणारा धुरकट ठिपका म्हणजे एम-४२, मृगातला तेजोमेघ. अंतर सुमारे १,३४० प्रकाशवर्षे. खगोलछायाचित्रणाची हौस लागलेल्या बहुतेकांचा श्रीगणेशा याच ठिपक्यापासून होतो.

शिक्षणासाठी इथे आलेला एखादा मराठी विद्यार्थी भाड्याच्या घराच्या गच्चीवर कॅमेरा लावून बसला आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणावे. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर असतो; इथे तो जवळजवळ एकतीस अंशांवर आहे, म्हणून तिपाईवरच्या ट्रॅकरचा अक्ष नव्याने जुळवणे आले. तेजोमेघ पुण्याच्या आकाशात ६६ अंशांपर्यंत चढतो, इथे ५४ अंशांपर्यंतच. जुना डीएसएलआर, २०० मिलिमीटरची लेन्स, ३० सेकंदांची १२० छायाचित्रे, आणि मधला भाग जळून पांढरा होऊ नये म्हणून तीन-तीन सेकंदांची आणखी काही. रात्री दोनच्या सुमारास शेतांवरून धुके सरकत येते, लेन्सवर दव धरते आणि काम थांबते. हातात उरतो तो तासाभराचा प्रकाश. त्याचे काय करायचे, हा प्रश्न खाली खोलीत, संगणकासमोर सुरू होतो.

पहिले काम निर्वेध आहे. सगळी छायाचित्रे एकमेकांवर नेमकी बसवून त्यांची सरासरी काढली की तेजोमेघाचा प्रकाश तसाच राहतो आणि यादृच्छिक नॉइज मात्र छायाचित्रांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या पटीत घटतो. १२० छायाचित्रांचा नॉइज एका छायाचित्राच्या तुलनेत साधारण अकरावा हिस्सा उरतो. झाकण लावून घेतलेली डार्क छायाचित्रे संवेदकाचे स्वतःचे दोष वजा करतात. समान उजळ पडद्यासमोर घेतलेली फ्लॅट छायाचित्रे लेन्सवरची धूळ आणि कडांचा अंधार भरून काढतात. 'सिरिल' किंवा 'डीपस्कायस्टॅकर' यांसारख्या मोफत आज्ञावल्या हे सारे करून देतात. या टप्प्यात कुणाच्या आवडीनिवडीला फारसा वाव नसतो.

यानंतर पडद्यावर जे येते ते जवळजवळ काळे असते. चार-दोन तारे आणि मधोमध एक फिकट डाग, एवढेच. माहिती सगळी आत आहे, पण ती अंधाऱ्या टोकाला दाटून बसलेली आहे. ती ताणल्याशिवाय डोळ्याला दिसणारच नाही. 'मूळ छायाचित्रात काहीही बदल केलेला नाही' असे अभिमानाने सांगणाऱ्यांची त्यामुळे गंमत वाटते. न ताणलेले छायाचित्र अधिक प्रामाणिक असते असे मुळीच नाही, ते फक्त वाचता येत नाही. डोळ्याला न दिसणारे दाखवणे हा तर या कलेचा जन्मापासूनचा धर्म. हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी याच तेजोमेघाचे पहिले छायाचित्र टिपले, तेव्हा काच सुमारे ५० मिनिटे उघडी ठेवावी लागली. तीन वर्षांत अँड्र्यू कॉमन यांच्या ३६ इंची दुर्बिणीने असे तारे टिपले, जे त्याच दुर्बिणीतून नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हते.

प्रश्न पुढच्या बटणापासून सुरू होतो.

जवळपास प्रत्येक शिकवणीत एक पायरी सांगितलेली असते : हिरवा काढून टाका. त्यामागे कारण आहे. रंगीत कॅमेऱ्याच्या संवेदकावर लाल आणि निळ्याच्या दुप्पट हिरवे पिक्सेल असतात; शहरी उजेड आणि चुकलेला रंगतोल यांमुळे ताणलेल्या छायाचित्रावर हिरवट झाक येते. शिवाय एक वचन तोंडोतोंडी फिरत असते की अवकाशात हिरवे काही नसते. ताऱ्यांपुरते ते खरे आहे. तापलेल्या गोलाचा प्रकाश सगळ्या तरंगलांबींवर पसरलेला असल्यामुळे तो लाल, पिवळा, पांढरा, निळसर असा दिसतो, हिरवा दिसत नाही. म्हणून आज्ञावलीत एक सोय असते. ज्या पिक्सेलमध्ये हिरवा हा लाल-निळ्याच्या सरासरीहून जास्त आहे, तिथे तो छाटून सरासरीवर आणायचा. एक टिचकी, आणि छायाचित्र 'स्वच्छ'.

पण तेजोमेघ म्हणजे तारा नव्हे. विल्यम हगिन्स यांनी २९ ऑगस्ट १८६४ रोजी कालेय तारकासमूहातल्या एका तेजोमेघाकडे वर्णपटदर्शक वळवला, तेव्हा सलग पट्ट्याऐवजी त्यांना सुट्या तेजस्वी रेषा दिसल्या. म्हणजे तो विरळ, तापलेला वायू होता. त्यातली सर्वांत ठळक रेषा हिरव्या भागात होती आणि पृथ्वीवरच्या कोणत्याही मूलद्रव्याशी ती जुळेना. 'नेब्युलियम' या नव्या मूलद्रव्याचे नाव तिच्यासाठी रूढ झाले. नॉर्मन लॉकियर यांना हे मान्य नव्हते. तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे, असा त्यांचा सिद्धांत होता आणि ही हिरवी रेषा म्हणजे तापलेल्या उल्कांमधल्या मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली कडा, असे ते सांगत. तसे असते तर रेषेची एक बाजू धारदार आणि दुसरी विरत गेलेली दिसायला हवी होती.

हा वाद युरोप-अमेरिकेत गाजत असताना त्यात पुण्याहून एक निरीक्षण दाखल झाले. कावसजी दादाभाई नायगमवाला हे पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या तितक्याच रकमेतून तिथे वेधशाळा उभी राहिली होती. डब्लिनच्या ग्रब यांच्याकडून आलेली २० इंची परावर्ती दुर्बीण तिच्यात होती आणि देशातली सर्वांत मोठी दुर्बीण हा मान पुढे कित्येक दशके तिच्याकडेच राहिला. वेधशाळेने वर्णपटाचे काम करावे, हा सल्ला नायगमवालांना इंग्लंडच्या भेटीत ज्यांच्याकडून मिळाला त्यांत स्वतः लॉकियर होते. १८९१ साली नायगमवालांनी मृगातल्या तेजोमेघाची ती हिरवी रेषा तपासली आणि नोंद प्रसिद्ध केली : रेषा सर्व परिस्थितीत धारदार आणि अरुंद दिसते. एका बाजूने विरणारी कडा नाही, मॅग्नेशियमचा पट्टाही नाही. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळेची दिशा ठरली, त्यांच्याच सिद्धांताच्या विरोधात हे निरीक्षण जात होते.

अमेरिकेतल्या लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांची मोजमापेही त्याच सुमारास तिकडेच बोट दाखवत होती, त्यामुळे सारे श्रेय पुण्याकडे ओढण्याचे कारण नाही. पण वसाहतीतल्या एका नव्या वेधशाळेतला एकटा निरीक्षक, समोर लंडनमधले वजनदार नाव, आणि वर्णपटदर्शकात एक बारीक हिरवी रेघ. कडेला जराशी धूसरता 'भासली' असे लिहिले असते तर पुण्यात येऊन पडताळणारे कोण होते? त्यांनी दिसले तेवढेच लिहिले. नायगमवाला १९१२ साली निवृत्त झाले, तेव्हा वेधशाळाच बंद झाली आणि उपकरणे कोडाईकनालला गेली. त्यांचे नाव पुन्हा अभ्यासकांपुढे आणणाऱ्यांत खगोलेतिहासाचे संशोधक राजेश कोचर होते, जे पुढे मोहालीच्या 'आयसर'शी संलग्न राहिले. खरडहून ही संस्था फार दूर नाही.

रेषेचे कोडे १९२७ साली आयरा बोवेन यांनी सोडवले. नेब्युलियम नावाचे काही नव्हतेच. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेषा होती, तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर. प्रयोगशाळेत ती सापडत नव्हती, कारण तिच्यासाठी लागणारी विरळता प्रयोगशाळेतल्या तेव्हाच्या उत्तम निर्वातातही नसे. अंधाराला सरावलेला माणसाचा डोळा ५०७ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतो. म्हणूनच मोठ्या दुर्बिणीतून एम-४२ पाहणाऱ्यांना त्याचा गाभा किंचित हिरवट भासतो. छायाचित्रांत गाजणारा गुलाबी-लाल रंग मात्र दिसत नाही. तो लाल हायड्रोजनचा, ६५६.३ नॅनोमीटरचा, आणि त्या टोकाला रात्रीचा डोळा जवळजवळ आंधळा असतो. दोन्ही रंग खरेच आहेत. तेव्हा त्या एका टिचकीने काय होते, हे आता सांगायला हवे. तेजोमेघाच्या गाभ्यातला निळसर हिरवा, म्हणजे नायगमवालांनी पाहिलेली रेषा, छाटली जाते आणि तिथे निळा उरतो. २०२३च्या आरंभी दिसलेल्या झेडटीएफ धूमकेतूचे डोके कार्बनच्या जोड-रेणूंमुळे हिरवे होते. त्याच्या छायाचित्रावर हेच बटण दाबणाऱ्याचा धूमकेतू ओळखू येणार नाही.

हिरवी झाक काढायचीच नाही, असा याचा अर्थ नाही. चंडीगडच्या दिव्यांनी आणलेली झाक काढलीच पाहिजे; पण ती पार्श्वभूमीवरून आणि ताऱ्यांच्या रंगतोलावरून काढायची. साऱ्या चित्रावर सरसकट विळा फिरवायचा नाही.

इथे हौशी मंडळी हबलकडे बोट दाखवतात, आणि ते योग्यच आहे. १ एप्रिल १९९५ रोजी जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांच्या निरीक्षणांतून गरुड तेजोमेघातले जे स्तंभ टिपले गेले, त्या चित्रात गंधकाला लाल, हायड्रोजनला हिरवा आणि ऑक्सिजनला निळा रंग दिलेला आहे. हायड्रोजन खरे तर लाल असतो. भारताच्या 'अ‍ॅस्ट्रोसॅट'ची गोष्ट त्याहून पुढची. बेंगळुरूची भारतीय खगोलभौतिकी संस्था आणि पुण्याची 'आयुका' यांचा ज्याच्या उभारणीत वाटा आहे, त्या 'यूव्हीआयटी' दुर्बिणीने फुलपाखरू तेजोमेघाभोवती दूर-अतिनीलात दिसणारा विस्तार शोधला. दृश्य प्रकाशातल्या आकाराच्या सुमारे तिप्पट. अतिनीलाला डोळ्याच्या दृष्टीने रंगच नाही. तेव्हा तिथे कोणताही रंग दिला तरी तो दिलेलाच. पण या चित्रांमध्ये कोणत्या गाळणीला कोणता रंग दिला ते लिहिलेले असते. चित्र पाहणारा उलट मार्गाने मापापर्यंत जाऊ शकतो. ही वाट मोकळी असेल तर रंग कितीही भडक असले तरी चालतात, असे म्हणता येईल. ती वाट बंद करणारे संस्करण सौम्य असले तरी खटकते.

ती वाट हल्ली सर्वांत सहज बंद होते ती धार आणणाऱ्या यंत्रबुद्धीच्या साधनांमुळे. साधन कुठले हा मुद्दा नाही. वरच्या कॅमेऱ्याचा पिक्सेल सुमारे चार मायक्रॉनचा धरला, तर २०० मिलिमीटरच्या लेन्सवर एका पिक्सेलमध्ये आकाशाच्या चार विकला मावतात. एम-४२च्या गाभ्यातल्या ट्रॅपेझियमचे चार तारे एकमेकांपासून साधारण ९ ते २० विकलांवर आहेत. म्हणजे दोन ते पाच पिक्सेल, आणि त्यात खरडच्या हवेची थरथर. त्या ठिकाणी एखादा लांबट उजळ गोळा आला, तर कॅमेऱ्याने आपले काम चोख केले. तिथे चार सुया आल्या आणि आजूबाजूच्या वायूत केसाएवढे पदर आले, तर ते कुठून आले हे विचारले पाहिजे. साधनाने शिकताना हजारो उत्तम चित्रे पाहिली आहेत. तेजोमेघ 'कसा असतो' हे त्याला ठाऊक आहे आणि ते तसा तो काढून देते. २०२३ साली एका वापरकर्त्याने मुद्दाम पुसट केलेले चंद्राचे चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून मोबाइलने टिपले, तर मोबाइलने त्यात विवरे भरून दिली. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा असा आहे. ती विवरे चंद्रावर खरीच आहेत. त्या फोटोत मात्र ती नव्हती.

याचे नुकसान काय, असे कोणी विचारेल. भिंतीवर लावायचे चित्र आहे, प्रबंध नव्हे. पण हौशी छायाचित्रांना प्रबंधाचे मोल कधी येईल, ते आधी सांगता येत नाही. २३ जानेवारी २००४ रोजी अमेरिकेतल्या केंटकीत जे मॅकनील नावाच्या हौशी निरीक्षकाने तीन इंची दुर्बिणीने मृगातल्याच एम-७८चा परिसर टिपला. छायाचित्रावर काम करताना त्यांना एक छोटा धूसर डाग दिसला, जो जुन्या सर्वेक्षणाच्या चित्रांत नव्हता. पार्श्वभूमी गुळगुळीत करणाऱ्या साधनाला असा डाग म्हणजे मळ. त्यांनी तो पुसला नाही, कळवला. एका तरुण ताऱ्याच्या उद्रेकाने उजळलेला तो तेजोमेघ निघाला. मग १९६६च्या एका हौशी छायाचित्रातही तो सापडला. आज त्याला मॅकनीलचे नाव आहे.

त्याहून ताजे उदाहरण देवयानी दीर्घिकेचे. आकाशात हिच्याइतकी छायाचित्रे क्वचितच दुसऱ्या कशाची निघाली असतील. २०२२ साली मार्सेल ड्रेक्सलर, झेव्हियर स्ट्रॉटनर आणि यान सँटी या हौशींनी शंभराहून अधिक तासांचा प्रकाश जमवला, तेव्हा दीर्घिकेशेजारी ऑक्सिजनच्या प्रकाशातली एक प्रचंड कमान दिसली. पुन्हा तीच रेषा, ५००.७ नॅनोमीटर. पहिला संशय अर्थातच संस्करणावर होता. म्हणून इतर दुर्बिणींनी, इतर ठिकाणांहून तीच कमान येते का हे तपासले गेले आणि मगच, जानेवारी २०२३मध्ये, ती प्रसिद्ध झाली. त्यांनी चित्र ताणले होते, अतोनात ताणले होते. पण ते आपल्या चित्रावर अविश्वास ठेवून थांबले.

खरडच्या खोलीतही हे करता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. १२० छायाचित्रांचे दोन गट करायचे, सम क्रमांकांचा एक आणि विषम क्रमांकांचा दुसरा. दोन्हींवर हुबेहूब तेच संस्करण करायचे आणि दोन चित्रे आलटून पालटून पाहायची. जे दोन्हींत आहे, ते आकाशातले असण्याचा संभव मोठा. जे एकातच आहे, ते नॉइजमधून घडलेले. ही परीक्षा पुरती निर्दोष नाही : लेन्सचा दोष किंवा दिव्याचे प्रतिबिंब दोन्हीकडे सारखेच येईल, आणि साधनाची ठाम कल्पनाशक्तीही दोन्हीकडे सारखाच पदर विणू शकेल. त्यासाठी दुसरी रात्र लागते, कॅमेरा जरा फिरवून.

चंडीगडच्या बाजूचा उतरता उजेड वजा करतानाही याचा उपयोग होतो. आज्ञावली पार्श्वभूमीचे नमुने म्हणून आपोआप काही ठिपके निवडते. मृगाच्या या भागात जवळजवळ सर्वत्र फिकट वायू पसरलेला आहे, त्यामुळे काही ठिपके हमखास तेजोमेघावरच पडतात आणि उजेडाबरोबर त्याचा बाहेरचा पदरही वजा होतो. उरते ते काळ्या मखमलीवर ठेवलेले गुलाबी फूल. लोकांना ते आवडते. असे ठिपके एकेक करून हाताने हटवायला अर्धा तास जातो. हटवल्यावर आकाश थोडे करडे, थोडे मळकट दिसू लागते आणि त्या मळकटपणात तेजोमेघ कुठे संपतो ते सांगता येईनासे होते. हेच अधिक खरे चित्र.

सम आणि विषम, दोन्ही चित्रे पडद्यावर आहेत. वरच्या डाव्या कोपऱ्यातली काळी शिर एकात आहे, दुसऱ्यात नाही. धार आणण्याचे प्रमाण निम्म्यावर आणले की ती दोन्हींतून जाते. तीन सेकंदांच्या छायाचित्रांतून बसवलेल्या गाभ्यात लांबट उजळ गोळा आहे, आणि त्याच्या भोवती निळसर हिरवा, दोन्हींत सारखाच. चित्राखाली मजकूर लिहिला जातो : खरड, ३० सेकंद गुणिले १२०, गाभ्यासाठी ३ सेकंद, गाळणी नाही, हिरवा छाटलेला नाही. बाहेर धुके आता रस्त्यावरच्या दिव्यांपर्यंत उतरले आहे. दुसऱ्या रात्रीसाठी काही दिवस थांबावे लागेल.